भूकंप, वादळ, त्सुनामी आणि पूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुलांच्या सुरक्षिततेबद्दल वाचक जे प्रश्न फिरून फिरून पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. चार शब्द सुरुवातीलाच ठरवून घेऊ. दोन खांबांमधला पुलाचा तुकडा म्हणजे गाळा. गाळा ज्यावर टेकतो ते बेअरिंग, त्याखाली खांब आणि खांबाखाली पाया.

१. भूकंपात पूल पडतो म्हणजे खांब मोडतो का?

कधी कधी. पण बऱ्याचदा खांब जागेवरच असतो आणि गाळा त्यावरून घसरून खाली येतो. गाळे खांबांच्या माथ्यावर बहुधा नुसते टेकवलेले असतात. एरवी ते सोयीचंच असतं, कारण पूल उन्हात लांबतो, थंडीत आखडतो आणि त्याला सरकायला जागा लागते. जमीन हलली की शेजारशेजारचे दोन खांब एका तालात हलत नाहीत. त्यांच्यातलं अंतर क्षणभर वाढतं, आणि टेकायला पुरेशी रुंदी ठेवलेली नसेल तर गाळ्याचं एक टोक निसटतं. १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या बे ब्रिजच्या वरच्या मजल्याचा सुमारे १५ मीटरचा तुकडा असाच खालच्या मजल्यावर आला. बाकीचा पूल उभा होता, तरी वाहतूक महिनाभर बंद राहिली. २००४ च्या भूकंपात आपल्या अंदमानातल्या ऑस्टेन सामुद्रधुनीवरच्या पुलाचे गाळेही बेअरिंगवरून सरकले होते.

खांब मोडल्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जपानमधल्या कोबेचं. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे हानशिन एक्स्प्रेसवेचा ६३५ मीटर लांबीचा उन्नत भाग एका कुशीवर आडवा झाला. हे खांब १९६० च्या दशकातल्या नियमांप्रमाणे बांधलेले होते. काही उभ्या सळ्या अर्ध्या उंचीवरच संपवलेल्या होत्या आणि आडव्या रिंगा अपुऱ्या होत्या.

तिसरा प्रकार जमिनीचा. खांब आणि गाळे दोन्ही ठीक असतात, पण पायाखालची वाळूच आधार सोडते. त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

२. ‘हा पूल ७ रिश्टरचा भूकंप सोसेल’ असं बातमीत येतं. ते कितपत खरं मानायचं?

वाक्य लोकांना पटकन कळावं म्हणून लिहिलेलं असतं, पण पुलाचं डिझाइन असं होत नाही. रिश्टरचा आकडा सांगतो की भूकंपाच्या उगमाशी किती ऊर्जा सुटली. तुमच्या पुलाखालची जमीन किती हलेल, हे उगम किती लांब आहे, किती खोल आहे आणि मधली माती कशी आहे यावर ठरतं. ६.५ चा भूकंप पुलाच्या जवळ आणि कमी खोलीवर झाला, तर दूरवरच्या ७.५ पेक्षा तो जास्त नुकसान करू शकतो. उलटही होतं: २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या.

म्हणून अभियंते गणित मांडतात ते त्या जागेच्या जमिनीच्या त्वरणावर. भारतात आजवर त्यासाठी भूकंपाच्या धोक्यानुसार पाडलेले भाग, म्हणजे झोन, वापरले गेले: झोन २ ला ०.१०, झोन ३ ला ०.१६, झोन ४ ला ०.२४ आणि झोन ५ ला ०.३६ असा गुणांक. त्यात माती, पुलाचं महत्त्व आणि पुलाची स्वतःची लय (एका झोक्याला त्याला लागणारा वेळ) मिळवून बळ काढतात. तेव्हा एखाद्या पुलाबद्दल विचारायचंच असेल, तर ‘किती रिश्टर?’ ऐवजी ‘कोणत्या झोनसाठी आणि कोणत्या साली?’ असं विचारा. ‘कोणत्या साली’ हा अर्धा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

३. महाराष्ट्रात आणि गोव्यात मोठा भूकंप होतच नाही ना? मग इथे हा खर्च कशाला?

११ डिसेंबर १९६७ ची कोयना आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी, एवढी दोन नावं पुरेशी आहेत. किल्लारीचा भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. पुढे २००२ च्या आवृत्तीत झोन १ च रद्द झाला आणि तो भाग झोन ३ मध्ये गेला. त्याच नकाशात मुंबई, पुणे आणि गोवा झोन ३ मध्ये, कोयनेचा परिसर झोन ४ मध्ये आणि नागपूर झोन २ मध्ये आहे.

नकाशा बदलतो, पूल तिथेच राहतो. १९७० मध्ये बांधलेला पूल १९७० च्या समजुतीवर उभा असतो. खरा खर्चाचा प्रश्न त्या पुलांचा आहे (प्रश्न ७). नव्या पुलात भूकंपाची तयारी सुरुवातीपासून केली तर एकूण खर्चात तिचा वाटा फार मोठा नसतो.

४. पूल आणखी जाडजूड आणि भक्कम बांधला की झालं, असं का नाही?

कारण भूकंपाचं बळ बाहेरून येऊन आदळत नाही. ते पुलाच्या स्वतःच्या वजनातून तयार होतं. खालची जमीन सरकते, वरचं वजन जागेवर राहू पाहतं, आणि त्या ओढाताणीत खांब सापडतो. वजन वाढवलं की बळही वाढतं. दुसरं म्हणजे सर्वांत मोठ्या भूकंपातही ओरखडा उमटू नये असा पूल बांधणं बहुतेक ठिकाणी परवडत नाही.

म्हणून आधुनिक डिझाइन आधीच ठरवतं की नुकसान कुठे होऊ द्यायचं. बहुतेक पुलांत ती जागा म्हणजे खांबाचं खालचं टोक. तिथे खांब वाकेल, काँक्रीटचं वरचं आवरण उडेल, सळई ताणली जाईल, आणि या सगळ्यात ऊर्जा खर्च होईल. पण खांब उभा राहील. यासाठी त्या भागात आडव्या रिंगा जवळजवळ घालतात आणि रिंगेचं टोक १३५ अंशात वळवून आत काँक्रीटमध्ये रोवतात. ९० अंशांत वळवलेला आकडा (हूक) आवरण उडाल्यावर उघडतो, मग आतलं काँक्रीट धरून ठेवायला काहीच उरत नाही. साइटवर तो आकडा वळवायला कंटाळा करतात, आणि एकदा काँक्रीट ओतलं की कुणाला दिसत नाही. एखाद्या पुलाच्या कामावर देखरेखीची संधी मिळाली तर आधी हेच पाहा, असं मी सांगेन.

पाया मात्र मुद्दाम खांबापेक्षा जास्त ताकदीचा ठेवतात. खांबाच्या तळाला तडा गेला तर दिसतो आणि दुरुस्त करता येतो. पाण्याखाली वीस मीटरवर पाइल (पायासाठी जमिनीत खोल रोवलेला सडपातळ खांब) मोडली तर कळणारही नाही.

५. खांबांच्या डोक्यावर काळ्या रबराच्या गाद्या दिसतात. त्या भूकंपासाठीच असतात का?

सगळ्या नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक पुलांवर दिसतात ती साधी इलॅस्टोमेरिक बेअरिंग. रबर आणि पोलादी पत्र्यांचे थर एकमेकांवर बसवलेले असतात आणि त्यांचं मुख्य काम गाळ्याचं वजन पेलणं आणि तापमानामुळे होणारी हालचाल सामावणं. भूकंपात ती थोडी मदत करतात, पण ती भूकंपरोधक यंत्रणा नव्हे.

खास भूकंपासाठी असतं ते शिसं घातलेलं रबरी बेअरिंग. न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात ते शोधलं. रबराच्या मधोमध शिशाचा दंडगोल असतो. रोजच्या वाऱ्या-वाहतुकीत शिसं ताठ राहतं. भूकंपात ते मळल्यासारखं वाकतं आणि ऊर्जा उष्णतेत घालवतं. रबरामुळे वरच्या पुलाची लय संथ होते. एरवी अर्ध्या सेकंदात एक झोका घेणारा पूल दोन सेकंदांत एक झोका घेऊ लागतो आणि जमिनीची जलद थरथर त्याच्यापर्यंत पूर्ण पोचत नाही. दुसरा प्रकार घर्षणाचा: गाळा बशीसारख्या खोलगट पोलादी पृष्ठभागावर सरकतो आणि स्वतःच्याच वजनाने पुन्हा मध्यावर येतो. कॅलिफोर्नियातल्या बेनिशिया–मार्टिनेझ पुलाला अशी प्रचंड आकाराची बेअरिंग नंतर बसवली गेली.

एक अपवाद लक्षात ठेवा. खोल, मऊ गाळाच्या जमिनीची स्वतःचीच लय संथ असते. १९८५ मध्ये मेक्सिको सिटी उगमापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांब होती. तरी जुन्या तलावाच्या मातीवरचं शहर साधारण दोन सेकंदांच्या लयीत डोललं आणि त्याच लयीच्या इमारती पडल्या. अशा जमिनीवर पूल संथ करणं म्हणजे संकटाच्या तोंडी देणं. रबर घालावं की नाही, हे मातीची तपासणी ठरवते.

आणि एक माझा आवडता पूल सांगतो. न्यूझीलंडमधल्या साउथ रांगिटिकेई रेल्वे पुलाचे उंच खांब भूकंपात एका पायावरून दुसऱ्या पायावर किंचित उचलले जातील असेच बांधले आहेत. पाय उचलला की जमिनीचा जोर एका मर्यादेपलीकडे खांबात शिरत नाही. पूल १९८१ मध्ये सुरू झाला.

६. वांद्रे–वरळी सी लिंकवर ‘सिस्मिक अरेस्टर’ आहेत म्हणतात. ते काय करतात?

पुलाला दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात. तापमानामुळे होणाऱ्या मंद हालचालीला मोकळीक हवी, आणि भूकंपाच्या झटक्याला अडवणूक हवी. खांब आणि गाळा यांच्यामध्ये द्रव भरलेला सिलिंडर बसवला की दोन्ही साधतात. दट्ट्या सावकाश सरकला तर द्रव बारीक भोकातून निवांत जातो. झटका आला तर जाऊ शकत नाही आणि जोड घट्ट होतो. त्यामुळे भूकंपाचं बळ एकाच खांबावर न येता अनेक खांबांत वाटलं जातं.

डॅम्पर दिसायला असाच, पण काम निराळं. तो अडवत नाही, विरोध करत हलू देतो आणि ऊर्जा खातो. खरेदीच्या कागदांत ही दोन्ही नावं सरमिसळ होतात, म्हणून वाचताना जपून.

७. आमच्याकडचा पूल पन्नास वर्षांचा आहे. पाडून नवा बांधण्याशिवाय उपाय नाही का?

आहे, आणि बऱ्याचदा तो स्वस्त असतो. क्रम मात्र बरोबर हवा.

सगळ्यात आधी गाळा निसटू न देणं. खांबाच्या माथ्याला काँक्रीटचे किंवा पोलादाचे ब्रॅकेट जोडून टेकायची रुंदी वाढवतात, शेजारचे गाळे एकमेकांना केबलने किंवा सळ्यांनी बांधतात, आणि आडव्या बाजूने सरकू नये म्हणून अडथळे घालतात. यात पूल बंद ठेवायचीही फारशी गरज पडत नाही. त्यानंतर खांब: त्याभोवती पोलादी कवच, नवीन काँक्रीटचा थर किंवा कार्बन फायबरचं कापड गुंडाळतात. आतलं काँक्रीट फुटलं तरी बाहेर पडू शकत नाही, हाच हेतू. पाया सर्वांत शेवटी, कारण तो सर्वांत महाग.

कॅलिफोर्नियाने हा क्रम अनुभवातून शिकला. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर तिथे गाळे बांधायला सुरुवात झाली, पण खांब तसेच राहिले. १९८९ मध्ये ओकलंडचा सायप्रस स्ट्रीट हा दुमजली उन्नत मार्ग खांब आणि सांधे फुटून बसला आणि तिथे ४२ माणसं गेली. मग खांबांना कवचं घालण्याचं काम वेगाने हाती घेतलं. जानेवारी १९९४ मध्ये नॉर्थरिजचा भूकंप आला तेव्हा कवच घातलेले खांब मोठ्या नुकसानीविना टिकले. जे पूल कोसळले, त्यांत या कामाच्या रांगेत थांबलेलेही होते.

दगडी कमानीच्या ब्रिटिशकालीन पुलांना हे उपाय जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यांना नुसता टेकवलेला, निसटणारा गाळाच नसतो. त्यांचा कच्चा दुवा बहुतेक वेळा पाण्याखाली असतो (प्रश्न १३).

८. खाडीतल्या गाळात उभ्या पुलाचं काय? जमीन खरंच पातळ होते का?

पाण्याने भरलेली सैल, बारीक वाळू हादरली की तिचे कण एकमेकांवरचा टेकू सोडतात आणि सगळं वजन मधल्या पाण्यावर येतं. काही काळ ती जमीन द्रवासारखी वागते. जपानच्या निगाता शहरात जून १९६४ मध्ये हेच झालं. शोवा पूल जेमतेम महिन्याभरापूर्वी खुला झाला होता. त्याच्या पायाखालची वाळू ढळली, सडपातळ पाइल वाकल्या आणि गाळे एकामागून एक नदीत उतरले.

उपाय आहेत: पाइल किंवा विहीर-पाया (विहिरीसारखा खोल उतरवलेला पाया) पक्क्या थरापर्यंत नेणं, वाळू आधीच दाबून घट्ट करणं, खडीचे स्तंभ घालून पाण्याला निघायला वाट देणं. काठाची जमीन नदीकडे सरकते आणि टोकाच्या खांबांना ढकलते, त्याचाही हिशोब लागतो. चिकणमातीच्या बाबतीत ही द्रव होण्याची भीती कमी, पण तिचे वेगळे त्रास असतात (प्रश्न ५ मधलं मेक्सिको सिटी).

९. जमिनीतली भेग थेट पुलाखालूनच जात असेल तर?

पहिला सल्ला: पूल तिथून हलवा. हलवणं शक्य नसेल तर मग हालचाल मान्य करून बांधावं लागतं. तुर्कस्तानातला बोलू इथला उन्नत मार्ग जवळपास पूर्ण झाला होता, तेव्हा नोव्हेंबर १९९९ च्या ड्युझ्जे भूकंपात भेग त्याच्याच खालून फाटली. गाळे पडले नाहीत, पण बेअरिंग आणि डॅम्पर निकामी झाले.

ग्रीसमधला रिओन–अँटिरिओन पूल २००४ मध्ये सुरू झाला. तिथे समुद्र ६५ मीटर खोल, तळाशी खडक सापडत नाही, आणि दोन्ही किनारे एकमेकांपासून हळूहळू लांब जात आहेत. अभियंत्यांनी तळातल्या मातीत पोलादी नळ्या ठोकून ती पक्की केली, वर खडीचा थर पसरला आणि ९० मीटर व्यासाचे पाये त्यावर नुसते ठेवले. पाया आणि नळ्या यांचा जोडच नाही. मोठ्या भूकंपात पाया खडीवर सरकेल, आणि वरचा रस्ता केबलवर सलग टांगलेला असल्यामुळे ते सरकणं त्याला चालेल. २००८ मध्ये जवळच ६.४ चा भूकंप झाला. पुलाला गंभीर इजा झाली नाही.

१०. नुसत्या वाऱ्याने पूल पडू शकतो का?

पडले आहेत. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वे पूल २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात गाडीसकट पाण्यात गेला. त्याच्या डिझाइनमध्ये वाऱ्याचा भार धरलेलाच नव्हता, आणि ओतीव लोखंडाच्या कामातही दोष होते.

अमेरिकेतल्या टॅकोमा नॅरोजची गोष्ट वेगळी. ७ नोव्हेंबर १९४० ला वारा होता ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चक्रीवादळ वगैरे काही नाही. पण ८५३ मीटरच्या गाळ्याला फक्त २.४ मीटर उंचीचे, सपाट भिंतीसारखे गर्डर (रस्ता पेलणाऱ्या लांब तुळया) होते. रस्ता पिळवटू लागला, प्रत्येक पिळाने वाऱ्याकडून आणखी ऊर्जा घेतली आणि चार महिन्यांचा पूल तुटला. यातून शिकलेली गोष्ट अशी की लांब पुलाला वाऱ्याचा दाब जेवढा मारतो, त्याहून त्याचा आकार मारतो. पुढे नव्या टॅकोमा पुलाला वारा आरपार जाईल असे जाळीचे गर्डर दिले. १९६६ च्या ब्रिटनमधल्या सेव्हर्न पुलाने विमानाच्या पंखासारखा चपटा पेटीचा आकार आणला. आज एवढ्या लांबीचा कुठलाही पूल वाऱ्याच्या बोगद्यात प्रतिकृती तपासल्याशिवाय बांधत नाहीत.

आपल्या गावचा वीस-तीस मीटर गाळ्यांचा काँक्रीटचा पूल मात्र वाऱ्याने पडणार नाही. त्याची भीती पाण्याची.

११. मग चक्रीवादळात पुलाला समुद्राचा धोका कसा पोचतो?

वादळासोबत समुद्राची पातळीच काही मीटर वर चढते आणि तिच्यावर लाटा स्वार होतात. एरवी पाण्यापासून उंच वाटणारा गाळा अचानक लाटांच्या टप्प्यात येतो. आता हिशोब करा: एक घनमीटर काँक्रीट साधारण अडीच टन, एक घनमीटर समुद्राचं पाणी एक टनापेक्षा थोडं जास्त. बुडालेल्या गाळ्याचं चाळीस टक्के वजन तिथेच गेलं. त्यात गर्डरांच्या मधल्या पोकळीत हवा कोंडते आणि गाळा तरंगू पाहतो. मग खालून एकेक लाट त्याला उचलते, थोडा सरकवते, पुन्हा उचलते. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सजवळच्या पाँटचारट्रेन सरोवरावरच्या जोडपुलाचे अनेक गाळे असेच खाली गेले. खांब जागेवर होते. नवा पूल पाण्यापासून सुमारे ९ मीटर उंच बांधला.

भारतातलं उदाहरण पांबनचं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीच्या वादळात धनुष्कोडीकडे जाणारी गाडी वाहून गेली आणि १९१४ च्या त्या रेल्वे पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात गेले; मधला उघडणारा शेर्झर गाळा तेवढा राहिला. ई. श्रीधरन यांनी ४६ दिवसांत तो पूल पुन्हा उभा केला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या शेजारी नवा पूल सुरू झाला.

सर्वांत चांगला उपाय उंची. ती शक्य नसेल तर गर्डरांमधली हवा निघायला भोकं ठेवणं आणि गाळा खांबाला खाली बांधणं. त्या बांधण्यातही एक मेख आहे, ती प्रश्न १४ मध्ये.

१२. त्सुनामी म्हणजे मोठी लाटच ना? वादळी लाटांपेक्षा वेगळं काय करावं लागतं?

वादळाची लाट काही सेकंदांत येते-जाते. त्सुनामीचं पाणी कित्येक मिनिटं एकाच दिशेने वाहत राहतं, मग तितकंच जोरात परत फिरतं. त्यामुळे वर उचलण्यासोबत सतत आडवा रेटा असतो, खांबांभोवतीची माती खरवडली जाते, आणि पाण्यासोबत होड्या, गाड्या, ओंडके, घरं येऊन पुलावर आदळतात. २००४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मेलमणकुडीच्या पुलाचे गाळे वाहून गेले. ११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर शेकडो पुलांची हीच गत झाली. मिनामिसान्रिकुमधल्या उतात्सु पुलाचे खांब रांगेत उभे आणि वरचा रस्ता गायब, हे दृश्य तिथे अनेक ठिकाणी होतं.

जपानने यातून जो मोठा धडा घेतला तो पुलाच्या तपशिलांपेक्षा मार्गाच्या आखणीचा आहे: किनाऱ्याला समांतर मुख्य रस्ता उंचावरून, आतून न्यायचा. २०११ मध्ये सेंदाईजवळच्या उंच भरावावरच्या द्रुतगती मार्गावर चढून लोक वाचले होते.

आपल्या किनाऱ्याला हे परकं नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती आणि इथे माणसं बुडाली होती. २००७ पासून हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मध्ये त्सुनामी इशारा केंद्र चालू आहे. इशाऱ्याने माणसं वाचतात. पूल तिथेच असतो, म्हणून वरचे उपाय लागतात.

१३. महाडचा सावित्री पूल भूकंपाने किंवा वादळाने पडला नव्हता. मग आपण खऱ्या धोक्याबद्दल बोलतोय का?

रास्त प्रश्न. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुसळधार पावसातल्या पुरात १९२८ चा तो दगडी पूल गेला आणि दोन एसटी बसांसह वाहनं नदीत पडली. महाराष्ट्रात पुलांना सर्वांत जास्त वेळा गाठतं ते पुराचं पाणी, यात शंका नाही. नवा पूल तिथे १६५ दिवसांत उभा राहिला.

पुरात खांबाला धडकून पाणी खाली वळतं आणि पायाजवळचा तळ खरवडतं. पूर ओसरला की खड्डा पुन्हा गाळाने भरतो, त्यामुळे डिसेंबरात तळ पाहून काहीच कळत नाही. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम खांबाजवळची खरवड सर्वसाधारण खरवडीच्या दुप्पट धरतात, आणि पाया त्याही खाली, पूरपातळीपासून मोजलेल्या त्या खोलीच्या १.३३ पट न्यायला सांगतात. हे गणित नदीचा तळ जिथल्या तिथे आहे असं मानतं. पुलाच्या खालच्या बाजूला बेसुमार वाळूउपसा झाला तर तळच खाली जातो आणि सगळा हिशोब चुकतो. पुलाच्या आसपास वाळू काढायला बंदी असते, ती यासाठी.

भूकंपाशी संबंध आहेच. खरवडलेला खांब जमिनीबाहेर जास्त उंच उरतो आणि वेगळ्या लयीत हलतो. सर्वांत मोठा पूर आणि सर्वांत मोठा भूकंप एकाच दिवशी येतील असं मात्र धरत नाहीत. भूकंपाच्या गणितात खरवडीची पूर्ण खोली न घेता काही भाग घेतात.

१४. भूकंपासाठी पूल मोकळा ठेवायचा आणि त्सुनामीसाठी घट्ट बांधायचा. दोन्ही एकदम कसं जमणार?

पूर्णपणे जमत नाही, आणि हेच या विषयातलं सर्वांत अवघड दुखणं आहे. गाळा खांबाला जखडला तर भूकंपाचं सगळं बळ खांबात उतरतं. शिवाय त्सुनामीत गाळा सुटला नाही तर त्याच्यावरचा रेटा खांबाला आणि पायाला उलथवू शकतो. नुसता गाळा गेला तर वर तात्पुरता लोखंडी गाळा टाकून रस्ता काही आठवड्यांत चालू होतो. पाया गेला तर वर्षं लागतात.

तडजोडी अशा करतात: बांधणाऱ्या केबलला थोडी ढील ठेवायची, म्हणजे बेअरिंगला सरकायला वाव राहतो आणि ती मर्यादा ओलांडली की केबल धरते. उभ्या दिशेत घट्ट, आडव्या दिशेत लांबट भोकातून मोकळं. बाजूचे काँक्रीटचे अडथळे ठरावीक बळाला मोडतील असे ठेवायचे, खांब वाचवण्यासाठी. कुठे गाळा वाचवायचा आणि कुठे जाऊ द्यायचा, हे पर्यायी रस्ता किती लांब आहे त्यावर ठरवावं असं माझं मत. एकाच पुलावर इस्पितळ अवलंबून असेल तर खर्च करा. दोन किलोमीटरवर दुसरा पूल असेल तर गाळ्याचा हट्ट सोडा.

१५. पूल इतका पक्का आहे तर वादळात सी लिंक बंद का करतात?

पुलासाठी नाही, वाहनांसाठी. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात सी लिंक बंद होता, तो मोकळ्या समुद्रावर आडव्या वाऱ्याने दुचाकी आणि उंच, रिकामे टेम्पो उलटतात म्हणून. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर, मांडवी, झुआरी आणि शरावती पुलांवर वारामापक आहेत, आणि काळ, सावित्री, वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पाणी वाढल्याचा इशारा देणारी यंत्रणा आहे. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी २८ भूकंपमापक ठरले आहेत, त्यांतले काही रत्नागिरी आणि लातूरसारख्या लांबच्या ठिकाणी. आधी पोचणारी सौम्य लहर ओळखून वीज तोडायची आणि ब्रेक लावायचे, अशी ती योजना.

१६. मी गाडीत पुलावर असताना भूकंप झाला तर?

हळू करा, अचानक ब्रेक नको. पुढे उतार जवळ असेल तर पुलावरून उतरा. पुलावर किंवा पुलाखाली थांबू नका. सांध्यावर पायरी पडलेली किंवा फट दिसली तर तिच्यावरून गाडी नेऊ नका. धक्का थांबल्यावर पुन्हा पुलावर जाऊ नका, नंतरचे धक्के येतात. किनाऱ्यावर असाल आणि हादरा जोराचा किंवा लांबलेला असेल तर इशाऱ्याची वाट न पाहता उंचावर जा, आणि खाडीच्या मुखाजवळच्या पुलावर पाणी बघायला मुळीच उभे राहू नका.

१७. आमच्या पुलाची स्थिती आम्ही सामान्य माणसं कशी ओळखणार?

निदान करता येत नाही, पण खुणा दिसतात. कठड्याची रेघ एका डोळ्याने पाहा: कुठे बाक आला आहे का? सांध्यातली फट एकीकडे मोठी, एकीकडे मिटलेली आहे का? बेअरिंग चेपलेलं किंवा तिरकं सरकलेलं आहे का? सांध्यात माती भरून झाडं उगवली असतील तर पुलाला हलायला जागाच उरलेली नाही. पावसाळ्यानंतर विहीर-पायाचा पूर्वी न दिसणारा भाग उघडा दिसतो का? खाडीकाठी गंजाचे तपकिरी ओघळ विशेष पाहा. पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल १९७० मध्ये झाला आणि ५ जुलै १९८६ ला पडला, ते आतल्या ताणलेल्या तारा खाऱ्या हवेत गंजल्यामुळे. अशा पुलाला धक्का सोसायला जी ताकद कागदावर आहे, ती प्रत्यक्षात नसते. तारीख घातलेले फोटो काढून सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेकडे लेखी द्या, पोच घ्या.

१८. निगातात जुना पूल उभा राहिला आणि नवा पडला. म्हणजे जुनं बांधकामच चांगलं, नाही का?

निगातात १९६४ च्या भूकंपात (प्रश्न ८) शोवा पूल पडला आणि त्याच नदीवरचा १९२९ चा बांदाई पूल नुकसान सोसून उभा राहिला, हे खरं. पण कारण वयात नाही. बांदाई हा काँक्रीटच्या कमानींचा, जड पायांचा पूल आहे. शोवाचे गाळे सुटे आणि पाइल सडपातळ होत्या. शिवाय जुन्या पुलांपैकी जे पडले ते आपल्यासमोर नाहीत, उरलेलेच दिसतात. सावित्रीचा पूलही पडेपर्यंत ८८ वर्षं उभाच होता.

१९. पूल अर्धवट बांधलेला असताना भूकंप झाला तर कोणत्या नियमाने तो टिकतो?

अर्धवट पुलाला कमी तीव्रतेचा भूकंप धरतात, कारण ती अवस्था थोडाच काळ असते. धोका मात्र जास्त असतो: एकेकटे खांब, अजून न जोडलेले गर्डर, तात्पुरते टेकू. गर्डर टाकल्यावर आडवे जोड होईपर्यंत ते एकमेकांना बांधून ठेवणं, ही किरकोळ वाटणारी शिस्त इथे पूल वाचवते.

जपानच्या आकाशी कैक्यो पुलाचे मनोरे आणि मुख्य केबल १९९५ मध्ये तयार होत्या, रस्ता टांगायचा होता. कोबे भूकंपाने मनोऱ्यांखालची जमीन सरकली आणि १९९० मीटरचा ठरलेला गाळा जवळपास १ मीटरने वाढला. रस्त्याचे तुकडे अजून बसवले नसल्यामुळे त्यांची मापं बदलता आली. एप्रिल १९९८ मध्ये पूल सुरू झाला, तो १९९१ मीटरच्या गाळ्यासह.